रात्री तीन बार, सकाळी शून्य: बॉयलरमधला दाब नेमका कुठे जातो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळ आपण घेतलेल्या घरातला कॉम्बी बॉयलर, म्हणजे घर तापवणे आणि नळाला गरम पाणी देणे ही दोन्ही कामे करणारा गॅसचा बॉयलर, आठ वर्षांचा आहे. संध्याकाळी रेडिएटर, म्हणजे खोल्या तापवणारी गरम पाण्याची पोलादी पात्रे, तापले की दाबाचा काटा जवळजवळ ३ बारवर जातो (बार हे दाबाचे एकक). सकाळी घर गार असताना तोच काटा शून्यावर आलेला असतो आणि बॉयलर कमी दाबाचा कोड दाखवून बंद पडलेला असतो. एका तंत्रज्ञाने दाबाचा सेन्सर बदलला, त्याने फरक पडला नाही. दुसऱ्याने जमिनीखालच्या नळ्यांत गळती असल्याचे सांगून बैठकीच्या खोलीतल्या लाकडी फळ्या उचकटाव्या लागतील असे सुचवले. तो खर्च करावा की नाही, हे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की अजून करू नये. इंग्लंडमध्ये घरगुती बॉयलर दुरुस्त करण्याचे काम मी चौदा वर्षे करीत आहे, आणि आपण केलेल्या वर्णनात मला ‘शून्य’ या आकड्यापेक्षा ‘तीन’ हा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. फक्त नळीची गळती असती तर काटा दिवसेंदिवस खाली येत राहिला असता. तापल्यावर तो थोडा चढला असता, पण तीनपर्यंत उसळला नसता. दाब एवढा वर जातो याचा अर्थ तापून फुगलेल्या पाण्याला आत जागा मिळत नाही.

ही जागा कोणती, ते सांगतो. १० अंशांचे पाणी ७० अंशांपर्यंत तापवले की त्याचे आकारमान सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढते. आपल्या घरातले रेडिएटर आणि नळ्या मिळून १०० लिटर पाणी असेल असे धरले, तर सव्वादोन लिटर जास्तीचे पाणी कुठेतरी सामावले पाहिजे. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाला ही अडचण कधी आली नाही, कारण वर पाणी ओतायचे तोंड उघडेच असे. येथील व्यवस्था मात्र चहूबाजूंनी बंद असते. म्हणून बॉयलरच्या आत, बहुधा मागच्या बाजूला, एक्सपान्शन व्हेसल नावाचा लोखंडी डबा बसवलेला असतो. त्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. एका बाजूला रेडिएटरचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला साधारण पाऊण ते एक बार दाबाने भरलेली हवा. पाणी फुगले की हवा दबते, पाणी निवले की हवा त्याला परत ढकलते. निरोगी बॉयलरचा काटा गार असताना १ ते १.५ यांच्या दरम्यान असतो आणि तापल्यावर अर्ध्या-पाऊण बारने वर सरकतो.

ही हवा वर्षानुवर्षे हळूहळू निघून जाते. वार्षिक तपासणीत ती मोजून भरायची असते, पण डब्याची मागची जागा अडचणीची असल्यामुळे हे काम फार वेळा टाळले जाते. हवा संपली की डबा पाण्याने भरून जातो आणि फुगणाऱ्या पाण्याला दाबण्यासाठी काहीच उरत नाही. मग दाब ३ बारवर पोहोचतो, त्याच दाबाला उघडण्यासाठी बसवलेला सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर सोडतो. रात्री बॉयलर थांबून पाणी निवले की ते आकसते; मधल्या काळात काही पाणी बाहेर गेलेले असल्यामुळे काटा शून्यावर येतो. गळती आहेच, मात्र ती आपल्या फळ्यांखाली नसून बाहेरच्या भिंतीवर असण्याचा संभव अधिक आहे.

याची खात्री आपण स्वतः, एकही स्क्रू न काढता, करू शकता. बाहेरच्या भिंतीतून सुमारे १५ मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी निघालेली दिसेल. तिचे तोंड बहुधा परत भिंतीकडे वळवलेले असते. जवळच एक प्लास्टिकची नळीही असू शकते, पण ती धुरातल्या वाफेचे पाणी बाहेर टाकते आणि तिच्यातून थेंब पडणे हे बॉयलर नीट चालल्याचे लक्षण आहे. तिच्याकडे पाहून फसू नये. तांब्याच्या नळीच्या तोंडाला एक प्लास्टिकची पिशवी सैल बांधावी आणि एक संध्याकाळ हीटिंग चालू ठेवावे. सकाळी पिशवीत पाणी असेल तर निदान जवळपास झाले. पिशवी आधी ओली होऊ लागली तरी हात लावू नये, त्या वेळी तेथून निघणारे पाणी चांगलेच कढत असते.

पिशवी कोरडी राहिली तर दुसरी चाचणी करावी. बॉयलर पूर्ण बंद करून गार होऊ द्यावा, दाब सव्वा बारपर्यंत भरून घ्यावा आणि बॉयलरखालचे रेडिएटरकडे जाणारे व तिकडून परत येणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर तसेच ठेवावे. कोणते व्हॉल्व्ह ते कळत नसेल तर बॉयलरबरोबरच्या पुस्तिकेतली आकृती पाहावी. गॅसच्या व्हॉल्व्हला हात लावण्याचे यात कारण नाही. सकाळी काटा उतरलेला असेल तर दोष बॉयलरच्या आत आहे. काटा जागेवर असून व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर धपकन खाली आला, तर मात्र पाणी रेडिएटरच्या बाजूला जात आहे, आणि तेव्हाच फळ्यांचा विषय काढावा. तोपर्यंतही प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू कागद ठेवून पाहावा. मी पाहिलेल्या बऱ्याच गळत्या तिथेच सापडल्या आहेत.

सेन्सर बदलणाऱ्याची चूक मला समजते, कारण ती पूर्वी मीही केली आहे. बॉयलरवरचा कोड म्हणजे बॉयलरला काय जाणवले याची नोंद असते. तसे का घडले, हे त्याला ठाऊक नसते. कमी दाबाचा कोड आला आणि पडद्यावरचा आकडा सुईच्या काट्याशी जुळत असला, तर सेन्सर खरेच बोलत आहे. बॉयलर पेटताना तो ठरावीक क्रमाने पुढे जातो: मागणी येते, पंप फिरतो, दाब व प्रवाह तपासला जातो, पंखा वेग घेतो, ठिणगी पडते, गॅस सुटतो, आणि ज्योत लागल्याचे इलेक्ट्रोडमधून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाहावरून ओळखले जाते. तो यांपैकी कोणत्या पायरीवर थांबला, हे शेजारी उभे राहून कानांनी ऐकले तर कोडच्या दुप्पट माहिती मिळते. उदाहरणार्थ, पंखा फिरतो, ठिणगीची टिकटिक ऐकू येते आणि तरीही ज्योत लागत नाही, अशी तक्रार जानेवारीच्या कडाक्याच्या सकाळी आली, तर मी प्रथम वर सांगितलेली प्लास्टिकची नळी गोठली आहे का हे विचारतो. तिच्यावर कोमट पाणी ओतले आणि बॉयलर रीसेट केला की अनेकदा काम भागते. उकळते पाणी ओतू नये, नळी तडकते.

आता आपल्या दुरुस्तीविषयी. ती आपण स्वतः करू नये, हे स्पष्टच सांगतो. आजच्या बॉयलरचे पुढचे झाकण बहुतेक वेळा ज्वलनाची हवा आणि धूर घरापासून वेगळा ठेवणाऱ्या कवचाचाच भाग असते. पुण्यामुंबईच्या बाथरूममधला गॅस गीझर खोलीतली हवा घेऊन पेटतो, तसे येथे नाही. हा बॉयलर बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, आणि ते झाकणाचे रबर नीट बसले असेल तोपर्यंतच. मोबदला घेऊन असे काम करणाऱ्याची नोंद गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसची कामे करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, असणे कायद्याने बंधनकारक आहे. हे रजिस्टर १ एप्रिल २००९ रोजी कॉर्गी या आधीच्या नोंदणीच्या जागी आले, तरी जुनी मंडळी अजून ‘कॉर्गीवाला’ असेच म्हणतात. येणाऱ्याचे ओळखपत्र मागावे आणि उलटून पाहावे. त्याला कोणती कामे करता येतात ते मागच्या बाजूला लिहिलेले असते.

तंत्रज्ञ काय करील ते ठाऊक असलेले बरे. डब्यातली हवा मोजण्याआधी पाण्याच्या बाजूचा दाब पूर्ण काढून टाकावा लागतो. तो तसाच असताना मोजले तर मीटर पाण्याचाच दाब दाखवतो आणि रिकामा डबाही भरलेला वाटतो. म्हणून निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, मोटारीच्या टायरला असतो तशा तोटीतून पंपाने हवा भरायची आणि पुस्तिकेत दिलेला आकडा गाठायचा. तोटीची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर रबराचा पडदा फाटला आहे, आणि डबा बदलण्याला पर्याय नाही. तो काढण्यासाठी पूर्ण बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागत असेल, तर परतीच्या नळीवर बाहेरून वेगळा डबा बसवणे स्वस्त पडते आणि तेवढेच चांगले चालते. सुरक्षा-व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण वारंवार उघडलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर गाळाचा कण अडकतो आणि मग तो एक बारलाही ठिबकत राहतो.

आणखी एक गोष्ट तंत्रज्ञाला आठवणीने विचारावी. काही वर्षांपूर्वी एका घरी मी नवा डबा बसवून निघालो आणि आठवड्याच्या आत तीच तक्रार परत आली. डबा उत्तम होता. डब्याकडे जाणारी बारीक लवचिक नळी काळ्या गाळाने बुजली होती, त्यामुळे पाणी डब्यापर्यंत पोहोचतच नव्हते. त्या दिवसाचे पैसे मी अर्थातच घेतले नाहीत.

हा गाळ आपल्याकडेही असू शकतो, कारण काटा शून्यावर आला की आपण दर सकाळी नवे पाणी भरत आला आहात. नव्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत जातो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि त्याचा काळा चुंबकीय गाळ पंपात व उष्णता-विनिमयकात (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) साचतो. त्यात आपल्या भागातले पाणी जड, म्हणजे क्षारही आलेच. दुरुस्ती झाल्यावर पाण्यात गंजरोधक रसायन घालून घ्यावे आणि परतीच्या नळीवर चुंबकाचा फिल्टर नसेल तर तोही बसवून घ्यावा. दाब भरण्याची विणलेली चंदेरी नळी काम होताच दोन्ही टोकांना बंद आहे ना, हे पाहावे. ती अर्धवट उघडी राहिली तर बॉयलर बंद असतानाही काटा चढत राहतो आणि निदान पुन्हा भलतीकडे जाते.

दरम्यान कधी गॅसचा वास आला, किंवा बॉयलर चालू असताना घरातल्या सर्वांचे डोके दुखू लागले, तर हे सर्व बाजूला ठेवून बॉयलर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर पडून ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. दुरुस्तीनंतर दोन दिवस काट्याच्या नोंदी ठेवाव्यात: गार असताना सव्वा, रेडिएटर पूर्ण तापल्यावर दोनच्या आत, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सव्वा.