भिंगरी तिलाच फिरवू द्या

घरातल्या वस्तूंपासून मुलांसोबत खेळणी करताना येणाऱ्या अडचणी वाचकांनी कळवल्या आहेत. एकतीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये जमिनीवर बसून शिकवलं. हाताला जे माहीत आहे, तेवढंच इथे सांगते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. सुट्टीत तिच्यासोबत खेळणी करायची म्हणून व्हिडिओ बघितले आणि रंगीत कागद, चमकी, ग्लू गन असं सहाशे रुपयांचं सामान आणलं. तिचं घर व्हिडिओतल्यासारखं झालं नाही म्हणून ती रडली. शेवटी सगळं मीच पूर्ण केलं आणि ते आता कपाटावर पडून आहे. तिला पुन्हा कसं बसवू? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ते घर तुमचं झालं, तिचं राहिलं नाही. म्हणून ती त्याला हात लावत नाही. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी मी बत्तीस मुलांची बत्तीस भिरभिरी रात्र जागून स्वतःच नीटनेटकी केली. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मुलांना घरी न्यायला सांगितलं, तर एकानंही आपलं भिरभिरं उचललं नाही. ते भरलेलं टेबल आठवलं की आजही पोटात कालवतं. त्यानंतर मुलांच्या कामाला मी कात्री लावली नाही.

आता काहीही विकत आणू नका. भिंगरीसाठी शिवणाच्या डब्यातलं कोटाचं मोठं बटण काढा आणि गोधडी शिवायचा जाड दोरा साधारण मीटरभर घ्या. दोरा एका भोकातून घालून दुसऱ्यातून परत आणायचा आणि टोकांना गाठ मारायची. बटण मधोमध घ्यायचं, दोन्हीकडच्या फासात एकेक बोट अडकवायचं. बटण गरगर फिरवून वीस-पंचवीस पीळ भरायचे आणि ओढायचं. पीळ सुटतो, बटण भन्नाट फिरतं आणि त्याच जोरात पुढे जाऊन दोऱ्याला उलटा पीळ भरतं. नेमकं त्या वेळी हात सैल सोडायचे. पतंगाला देतो तशी ढील. मग पुन्हा ओढ. ओढ, ढील, ओढ, ढील. भुर्र, भुर्र.

ही ढील सहा वर्षांच्या हाताला लगेच कळत नाही. मूल दोरा ताणूनच धरतं, बटण थांबतं, आणि इथेच आपला हात पुढे जातो. तो मागे ठेवा. स्वतःसाठी दुसरी भिंगरी करा, शेजारी बसा आणि गप्प राहून फिरवत राहा. ती तुमच्या हातांकडे बघेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या कोपऱ्यातून भुर्र ऐकू आलं. मी जवळ जाऊन उभी राहिले तरी तिनं मान वर केली नाही, इतकी ती रमली होती. डबाही तसाच बंद होता.

बटण जमलं की जुन्या लग्नपत्रिका काढा. आपल्या घरांत इतका चांगला पुठ्ठा दुसरा नसतो. वाटी ठेवून दोन गोल आखून कापायचे आणि एकमेकांवर चिकटवायचे. त्यासाठी दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवला की खळ तयार. वाळल्यावर मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन भोकं पाडायची. अंतर चुकलं तर चकती डुगडुगते. डुगडुगू द्या. ती दुसरी चकती मागेल आणि या वेळी भोकं पाडण्याआधी मापेल.

मग चकतीचा अर्धा भाग पिवळा, अर्धा निळा रंगवायला सांगा आणि फिरवण्याआधी विचारा, कोणता रंग दिसेल? सगळी मुलं ‘हिरवा’ म्हणतात, मोठी माणसंही. दिसतो तो राखाडीसर. रंगाच्या वाटीत कालवलेले रंग आणि फिरताना डोळ्यात मिसळलेले रंग यांचा हिशोब वेगळा असतो. पण हे लगेच सांगून टाकू नका. दोन-चार दिवस तिला वेगवेगळ्या जोड्या रंगवून बघू द्या.

प्रश्न : माझं वय सत्तर. यंदा पोळ्याला नातवंडं न्यू जर्सीहून येत आहेत. तान्ह्या पोळ्याला बाजारातला लाकडी बैल न घेता त्यांच्यासोबत मातीचा करावा असं फार मनात आहे. गेल्या वर्षी मी एकट्यानं करून पाहिला, तर पाय वाळताना तडकून पडले. चाकंही फिरली नाहीत. (एक आजोबा, वर्धा)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नातवंडांनी आपल्या हातचा बैल दोरीनं ओढत गल्लीत फिरवावा, यासारखं सुख नाही.

पाय तडकले यात तुमच्या हाताचा दोष नाही. तुमच्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच बैलाच्या पायात झालं. जमलं तर कुंभाराकडची माती आणा. काळीच घ्यायची असेल तर चाळून तीन भाग माती आणि एक भाग बारीक रेती घ्या आणि त्यात पिंजलेला कापूस थोडा थोडा टाकत मळा. कापसाचे धागे माती धरून ठेवतात. वर्ध्यात कापसाला काय तोटा! मळून झाली की ओल्या फडक्यात एक रात्र ठेवा.

दुसरं, पाय वेगळे करून चिकटवू नका. एकाच गोळ्यातून ओढून काढा, आखूड आणि जाड. शिंगं आणि वशिंड चिकटवायचं असेल तर दोन्ही बाजू काडीनं खरवडायच्या, पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. सावलीत तीन-चार दिवस वाळवा. उन्हात ठेवला की बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो आणि फुटतो.

चाकांचं असं आहे की बहुतेक जण आसाची काडी फळीला पक्की बांधतात. मग ती फिरणार कशी? बैल फळीच्या तुकड्यावर बसवा. फळीखाली पुढे-मागे शहाळ्याच्या स्ट्रॉचे दोन तुकडे आडवे चिकटवा. त्यातून बांबूची सरळ काडी आरपार घाला, ती आत सैल फिरली पाहिजे. बाटल्यांची झाकणं मात्र काडीच्या टोकांवर घट्ट बसली पाहिजेत. झाकणाला भोक बरोबर मध्ये हवं. तापलेल्या खिळ्यानं ते तुम्ही पाडा, एवढंच काम मुलांकडे देऊ नका. झूल आजीच्या जुन्या साडीच्या काठाची करा. मुलं ती साडी कुठली, कधीची, असं विचारतील, तेव्हा आजीला जवळ बसवा.

प्रश्न : आमच्या शाळेत दोन वर्ग मिळून एकेचाळीस मुलं आहेत. साहित्याला पैसे नाहीत. सगळ्यांना एकाच वेळी करता येईल असं काही सुचवा. (एक शिक्षक, पालघर जिल्हा)

उत्तर : काड्यापेटीच्या लाकडी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधली बारीक रबरी नळी घ्या. अरविंद गुप्तांनी १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात हा खेळ रचला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी कितीतरी खेळणी घडवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांना आपल्याच घरात पेढे आल्यासारखं वाटलं.

काड्यांचं गूल आधी तुम्ही खरवडून टाका. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी घातली की सांधा झाला. तिसरी काडी जोडायची तर तुकड्याच्या मध्ये बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं. आधी प्रत्येकाला चौकोन करू द्या आणि कोपरा दाबायला सांगा. चौकोन लगेच तिरका पडतो. मग त्रिकोण. तो कितीही दाबला तरी हलत नाही. त्यानंतर मुलांना शाळेच्या पत्र्याखालची कैची, म्हणजे छत पेलणारा सांगाडा दाखवा आणि तिथे किती त्रिकोण आहेत ते मोजायला लावा.

प्रश्न : मोठा सात वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. मोठ्यासोबत काही करायला बसलं की धाकटी सगळं तोंडात घालते. (एक आई, सातारा)

उत्तर : बटणं, मणी, काड्या, फुग्याचे तुकडे तिच्या हाती लागता कामा नयेत. हे काम ती झोपल्यावरच करा आणि उठताना जमीन झाडून घ्या. घड्याळातले, रिमोटमधले चपटे गोल सेल आणि छोटी लोहचुंबकं खेळण्यात अजिबात नकोत. तसा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

धाकटीसाठी मोठ्यालाच चिंध्यांची बाहुली करू द्या. मऊ झालेल्या सुती साडीच्या चिंधीची घट्ट गुंडाळी म्हणजे डोकं. त्यावर हातभर लांब पट्टी मधोमध टाकायची आणि मानेशी दोऱ्यानं आवळायची. खाली लोंबणारं कापड म्हणजे अंग. मानेखालून आडवी गुंडाळी घातली की हात, आणि कमरेशी पुन्हा एक आवळणी. दोऱ्याची टोकं तुम्ही आत टाचून टाका. डोळ्यांना बटणं लावायची नाहीत, काळ्या दोऱ्याचे चार टाके घालायचे. ते त्याला घालू द्या, बोथट सुईनं. एक डोळा वर, एक खाली आला तर उसवू नका. धाकटी त्याच बाहुलीला घेऊन झोपेल.