पुण्यात 'ग्रीन सर्टिफाइड' फ्लॅटला जास्त पैसे द्यावेत का? राहणाऱ्याला खरंच फायदा होतो का?

हो, फायदा होतो; पण तो भिंती, खिडक्या आणि पाण्याच्या सोयीतून, लॉबीतल्या पाटीतून नाही. घर तापतं ते मुख्यतः सावली नसलेल्या काचेतून, पश्चिमेच्या भिंतीतून आणि वरच्या मजल्यावर स्लॅबमधून. म्हणून केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेने (घरांमधली वीज वाचवण्यासाठीची बांधकाम नियमावली) थंड प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटची मर्यादा सुचवली आहे. ती पाळलेल्या घरात एप्रिल-मेमध्ये एसी कमी चालतो. बिल्डरला हा आकडा विचारा, उत्तर देताना तो अडखळला तर समजून जा.

प्रत्यक्ष बघायला गेलात की:
- पश्चिमेच्या खिडक्यांवर खोल छज्जा आहे का
- समोरासमोर खिडक्या आहेत का (वारा आरपार गेला पाहिजे)
- फ्लशला शुद्ध केलेल्या सांडपाण्याची वेगळी लाइन आहे का. टँकरचा खर्च इथेच वाचतो

मात्र बांधकामाआधी मिळतं ते फक्त आराखड्याचं प्री-सर्टिफिकेशन. अंतिम रेटिंग इमारत उभी राहिल्यावर मिळतं, आणि बिल्डरला त्यासाठी वाढीव एफएसआय (त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी) मिळू शकतो. त्यामुळे सगळा भार तुमच्यावर टाकत असेल तर घासाघीस जरूर करा.