टोटल रिकॉल म्हणजे पाठांतर का?

प्रश्न: सर नमस्कार, माझी मुलगी पुण्यात आयटी कंपनीत आहे. तिच्या अप्रेझलमध्ये मॅनेजरने लिहिलंय, ‘शी हॅज टोटल रिकॉल ऑफ एव्हरी क्लायंट मीटिंग’. ती दोन दिवस नाराज आहे, तिला वाटतंय की ही जुनं जुनं उकरून काढते असा टोमणा मारलाय. मला रिकॉल हा शब्द फक्त गाड्यांच्या बातम्यांमुळे माहितीय, पार्ट खराब निघाला की कंपनी गाड्या परत मागवते तो. मग इथे नक्की अर्थ काय? आणि फोटोग्राफिक मेमरी म्हणतात ते हेच का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, आधी मुलीला फोन लावा आणि सांगा की हे कौतुक आहे, चांगलं घसघशीत कौतुक.

आणि तुम्हाला गाड्यांची बातमी आठवली ना, ती अगदी बरोबर आठवली, कारण शब्द तोच आहे. री म्हणजे परत आणि कॉल म्हणजे बोलावणं. राजदूताला माघारी बोलावतात तेही रिकॉल, निवडून दिलेल्या माणसाला परत बोलवायचा हक्क मागतात तो राइट टू रिकॉल, आणि डोक्यात ठेवलेली गोष्ट हवी तेव्हा पुढे बोलावणं हेही रिकॉलच. ती अर्धीमुर्धी न येता बारीकसारीक तपशिलासकट सगळीच्या सगळी हजर झाली की टोटल रिकॉल.

आपल्याला हे पटकन कळत नाही याचं कारण मला वाटतं आपल्या मराठीत आहे. आपण ‘मला आठवतं’ म्हणतो, म्हणजे आठवण आपणहून येते, आपण काही करत नाही. इंग्रजीतलं रिकॉल हे मुद्दाम करायचं काम आहे. आणि लक्षात ठेवणं वेगळं, आठवणं वेगळं. एखाद्याचं नाव अगदी जिभेवर असतं पण येत नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं की आपण लगेच म्हणतो हां हां तेच! म्हणजे नाव आत होतं, फक्त रिकॉल होत नव्हतं. परीक्षेत चार पर्यायांतून उत्तर ओळखता येतं पण तेच रिकाम्या जागेत लिहायला सांगितलं की अडतं, तेही यामुळेच.

म्हणून ‘एकपाठी’ हा आपला सुंदर शब्द इथे मला नाही चालत. एकपाठी म्हणजे एकदा ऐकलं की पाठ, भोज राजाच्या दरबारातल्या पंडितांची दंतकथा आहे बघा, कवीने नवीन श्लोक म्हटला रे म्हटला की एकपाठी पंडित तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा आणि म्हणायचा हा तर जुनाच आहे. त्यात जोर आत घेण्यावर आहे, टोटल रिकॉलमध्ये बाहेर काढण्यावर. तोंडपाठ, मुखोद्गत हेही नको, कारण मीटिंग कुणी पाठ करत नाही.

वापरायचं कसं, तर बहुतेक वेळा आधी ‘हॅव’ येतं आणि ज्याची आठवण आहे त्याच्या आधी ‘ऑफ’. ‘आय टोटल रिकॉल’ असं क्रियापद करू नका, ते चूक. आणि ‘मला आठवण कर’ म्हणायचं असेल तर रिकॉल मी नाही, रिमेंबर मी पण नाही, रिमाइंड मी.

आता फोटोग्राफिक मेमरी. ती म्हणजे पान किंवा चित्र फोटोसारखं डोळ्यासमोर ठेवून वाचता येणं, म्हणजे फक्त बघितलेल्याची गोष्ट, आणि टोटल रिकॉल ऐकलेल्या, अनुभवलेल्या सगळ्याला चालतं. मोठ्या माणसांत खरी फोटोग्राफिक मेमरी असते याचा भक्कम पुरावा मात्र नाही. १९७० मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ नावाच्या एका बाईंवरचा प्रयोग खूप गाजला, एका डोळ्याने दहा हजार ठिपक्यांचं चित्र बघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोळ्याने दुसरं चित्र बघताना मनात दोन्ही एकावर एक ठेवायची, आणि त्यांना ते जमलं असं छापून आलं, पण त्यांची चाचणी परत कधी झालीच नाही.

टोटल रिकॉलच्या सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण जिल प्राइस या अमेरिकेतल्या बाईंचं. त्यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या मॅकगॉ या संशोधकांना कळवलं की मला वर्षानुवर्षांचा रोजचा दिवस आठवतो, आणि २००६ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध आला. तारीख सांगितली की वार कोणता आणि आपण त्या दिवशी काय केलं ते त्या सांगायच्या. पण घोकंपट्टी त्यांना जमायची नाही, आणि न थांबणाऱ्या आठवणींचा त्यांना फार त्रास व्हायचा, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. पुढे २०१३ मध्ये अशी स्मृती असलेल्या २० जणांना तपासलं तर खोट्या आठवणींना तेही इतरांसारखेच फसले. म्हणजे शब्दशः टोटल असं कुणाचंच नसतं, बोलताना आपण मोकळेपणाने म्हणतो इतकंच.

आणि मुलीला अजून एक सांगा. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केला होता, खऱ्या डावाचा पट पाच सेकंद दाखवला तर चांगल्या खेळाडूला बऱ्याचशा सोंगट्या जागेवर लावता आल्या, पण तेवढ्याच सोंगट्या कशाही मांडल्या तर तो जवळपास नवख्याइतकाच अडला. खेळ कळतो म्हणून डाव आठवतो. तुमच्या मुलीला मीटिंगा आठवतात त्या मला वाटतं तिला प्रोजेक्ट आतून कळलाय म्हणून, कोण काय म्हणालं आणि का म्हणालं ते धरून ठेवता येतं, आणि जुनं उकरून काढणं या शब्दांत कुठेच नाहीये.

मॅनेजरच्या वाक्याचं मराठी मी असं करेन: ‘प्रत्येक क्लायंट मीटिंगमध्ये काय काय झालं ते हिला बारीकसारीक गोष्टींसकट लख्ख आठवतं.’ हेच तिला वाचून दाखवा.