डी अँड डी सोडून दुसरा गेम खेळायला गट तयारच होत नाही, कसं पटवू?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा) तुम्हीच आहात, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून आपापलं कॅरेक्टर वठवत खेळायच्या गेमचा आता कंटाळा आलाय आणि दुसऱ्या गेमचं नाव काढलं की सगळे फोनमध्ये डोकं घालतात.

मी यातून गेलोय आणि पहिल्या खेपेला सपशेल माती खाल्ली. लढाया किती रेंगाळतात, लेव्हल वाढली की हिशेब किती वाढतात, यावर अर्धा तास बोललो. ज्या खेळात लोकांनी शेकडो तास घातलेत त्याला नावं ठेवली तर ते त्याचीच बाजू घेणार. वर मी एक जाडजूड रूलबुक पुढ्यात ठेवून "वाचून या" म्हणालो. कोणी उघडलंसुद्धा नाही.

नंतर लक्षात आलं, नियमांवर फारसं कोणाचं प्रेम नसतं. जीव जडलेला असतो तो आपल्या कॅरेक्टरवर. शिवाय कुठला स्पेल (जादूचा मंत्र) कधी टाकायचा हे खपून शिकलेलं असतं, आणि नवा गेम म्हणजे पुन्हा बिगरीपासून सुरुवात! हे कोणी बोलून दाखवत नाही, "आम्हाला हेच आवडतं" एवढंच म्हणतात. म्हणून चालू कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चाललेली गोष्ट, बंद होणार नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मग ज्या दिवशी दोघंजण येणार नसतील ती संध्याकाळ पकडा. एरवी ते सेशन रद्दच झालं असतं.

त्या संध्याकाळी मी 'हनी हाइस्ट' काढला. नियम एका पानात मावतात. तुम्ही अस्वलं, मध चोरायचाय. आकडे दोनच, अस्वल आणि गुन्हेगार, दोन्ही ३ वर सुरू. एक वाढला की दुसरा घटतो, आणि अस्वल ६ वर पोचलं की तुमचं भान सुटतं. दहा मिनिटांत टोपी घातलेलं एक अस्वल पहारेकऱ्याशी वाद घालत होतं. सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्यानेच "पुढचं कधी?" विचारलं.

पुढचा गेम तुमच्या गटाच्या खोडीवरून निवडा. आमचे लोक दरोड्याचं नियोजन करण्यात तीन तास घालवायचे आणि शेवटी दार तोडायचे. 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) मध्ये ते नियोजनच नाही. थेट दरोड्यात उडी, आणि अडलात की फ्लॅशबॅक: "या पहारेकऱ्याला मी कालच पैसे चारलेत." आमच्या पोरांना हे फारच मानवलं. रहस्य आवडत असेल तर 'कॉल ऑफ क्थुल्हू' (१९८१). कौशल्य ६० असेल तर टक्केवारीच्या (१ ते १०० आकडा देणाऱ्या) फाशांवर ६० किंवा कमी पडायला हवेत, झालं. फासे नकोतच म्हणणाऱ्यांसाठी 'ड्रेड' आहे. त्यात जेंगाच्या मनोऱ्यातून ठोकळा काढायचा, मनोरा पडला की तुमचं कॅरेक्टर संपलं.

नियम मात्र तुम्हीच शिका आणि कॅरेक्टर तयार करून न्या. गृहपाठ दिलात की गट हातचा गेला.

सगळे बदलतील असंही नाही. आमच्यातला एकजण कुठेही गेला तरी पॅलाडिनच, म्हणजे डी अँड डीमधला शपथ घेतलेला धर्मयोद्धाच, खेळतो. क्थुल्हूमध्ये त्याला ग्रंथपाल दिला होता, त्यानेही पहिल्याच प्रसंगात देवाची शपथ घेऊन राक्षसावर चाल केली.