नातेसंबंधांची आणि भावाबहिणींच्या संख्येची कोडी सोडवताना हमखास गोंधळ होतो. ती कशी सोडवावीत?

आपण पोलीस भरतीची तयारी करत आहात आणि बुद्धिमत्ता चाचणीतील बाकीची प्रकरणे जमत असूनही ‘नातेसंबंध’ आले की दोनदा वाचूनही उत्तर चुकते, असे आपण लिहिले आहे. त्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असल्याने एका प्रश्नाच्या वाट्याला पुरते एक मिनिटही येत नाही, त्यामुळे ही अडचण लहान नाही. मी काही वर्षे हा विषय शिकवत आलो आहे आणि मुलांच्या चुका मला बहुतेक एकाच ठिकाणी सापडतात: कोणाच्या जागी उभे राहून नाते मोजायचे, हे सोडवता सोडवता बदलून जाते.

संख्येची कोडी याचे सर्वांत सोपे उदाहरण आहेत. ‘एका मुलीला जितके भाऊ तितक्याच बहिणी आहेत, तिच्या प्रत्येक भावाला मात्र जितके भाऊ आहेत, त्याच्या दुप्पट बहिणी आहेत, तर भावंडे एकूण किती?’ मुलगी बहिणी मोजते तेव्हा स्वतःला धरत नाही, म्हणजे घरात मुली मुलांपेक्षा एकने जास्त आहेत. भाऊ मोजतो तेव्हा तो स्वतःला वगळतो, पण त्या मुलीला धरतो. मुलगे ३ आणि मुली ४ घेतल्या की मुलीला ३ भाऊ व ३ बहिणी, तर मुलाला २ भाऊ व ४ बहिणी मिळतात; एकूण भावंडे ७. ‘सहा भावांना प्रत्येकी एक बहीण’ असे विचारले की घाईत १२ लिहिणारे पुष्कळ असतात. ती बहीण सहाही जणांची एकच आहे.

नात्यांच्या साखळीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ‘वाक्य शेवटून वाचा’ असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. इंग्रजी वाक्यात ‘माझा’ हा शब्द बहुधा साखळीच्या टोकाला येतो, म्हणून तिथे तो उपयोगी आहे. मराठीत ‘माझ्या आईच्या भावाच्या मुलीचा नवरा’ ही साखळी ‘माझ्या’पासूनच सुरू होते आणि पावलागणिक पुढे सरकते, त्यामुळे ती आहे त्याच क्रमाने वाचत कागदावर उतरवावी: आई, तिचा भाऊ, त्याची मुलगी, तिचा नवरा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी गोल, लग्नासाठी दुहेरी रेघ, भावंडांसाठी एकेरी आडवी रेघ आणि पिढी बदलली की उभी रेघ, एवढ्या खुणा पुरतात. वाक्यात जिचा उल्लेख स्त्री किंवा पुरुष असा झालेला नाही, त्या व्यक्तीभोवती काहीही काढू नये. ‘डॉक्टर’ म्हटले की चौकोन काढणारा हात अनेकांचा गुण घालवतो.

आपली भाषा या कोड्यांना बरीच मदत करते, कारण काका, मामा, आत्या, मावशी, जाऊ, नणंद, साडू यांतल्या प्रत्येक शब्दात बाजू ठरलेली आहे. तरी दोन शब्दांपाशी थांबावे. पहिला ‘आजोबा’: हिंदीतील दादा आणि नाना हा भेद त्यात नाही, म्हणून ‘माझ्या आजोबांच्या एका मुलाची मुलगी’ चुलतबहीण, मामेबहीण किंवा सख्खी बहीणही असू शकते, असा प्रश्न आला तर पर्याय पाहूनच निर्णय घ्यावा. दुसरा ‘भाचा’: पुरुष बहिणीच्या मुलाला भाचा म्हणतो, पण भावाचा मुलगा त्याचा पुतण्या होतो, स्त्रीच्या तोंडी मात्र भावाचा मुलगाही भाचाच. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे न पाहता हा शब्द सोडवताच येत नाही. त्यात अनेक घरांत सुना सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात, पण परीक्षेतल्या मामाला सासरा करण्याची गरज नाही.

जागा बदलली की उत्तर कसे बदलते, हे मला आजीने घातलेल्या कोड्यातून कळले. शेतात काम करणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून वाटसरूने एका बाईला विचारले, ‘हा तुझा कोण?’ ती म्हणाली, ‘त्याची सासू आणि माझी सासू, दोघी मायलेकी.’ ठरलेले उत्तर असे, की तो तिचा सासरा: त्याच्या सासूची लेक म्हणजे त्याची बायको आणि तीच हिची सासू. पण त्याची बायको ही हिच्या सासूची बहीण असेल, तर तो मावससासरा ठरतो. मायलेकींची अदलाबदल केली, म्हणजे हिची सासू आई आणि त्याची सासू लेक मानली, तर त्याची सासू हिची नणंद होते आणि तो नणंदेचा जावई.

कॉलेजात असताना हे तिसरे उत्तर मी मोठ्या ऐटीत आजीला सांगितले. जुन्या रीतीप्रमाणे सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नसे, हे मी विसरलो होतो. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘नणंदेचा जावई असता तर तिनं सरळ नावच सांगितलं असतं की रे.’