नवीन व्हर्टस 1.5 घ्यावी की त्याच पैशात वापरलेली ऑक्टाविया?

तुमचा प्रश्न असा की घर पावसच्या बाजूला, नोकरी रत्नागिरीत, महिन्यातून एखादी फेरी कोल्हापूर नाहीतर पुण्याला, बजेट ऑनरोड बावीस लाख, आणि गाडी पळणारी पाहिजे पण एसयूव्ही नको. फोक्सवॅगनची नवीन व्हर्टस 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल) घ्यावी की 2021-22 ची वापरलेली स्कोडा ऑक्टाविया 2.0, आणि जमलं तर तिचीच जास्त ताकदीची आवृत्ती आरएस 245.

आरएस 245 आधी बाजूला काढू. 2020 मध्ये अख्ख्या देशात 200 गाड्या आल्या, ज्यांच्याकडे आहेत ते जीव लावून सांभाळतायत आणि सोडणारा सापडलाच तर बावीस लाखांत सोडणार नाही. वर 18 इंची चाकं आणि 40 प्रोफाइलचे, बारीक कडेचे टायर, म्हणजे गणपतीच्या आधी आपल्याकडे रस्त्याची जी अवस्था असते त्यात अलॉय वाकली की टायर फुगला हे दरवर्षीचं. मुंबईत दुसरी गाडी असणाऱ्यानी हौसेला ठेवावी, रोजच्याला नाही.

आता राहिल्या दोन. माझ्याकडे 1.5 टीएसआय मॅन्युअल आहे आणि मावसभावाकडे ऑक्टाविया 2.0, दोन्ही आंबा घाटातून बऱ्याचदा चालवल्यात त्यामुळे कागदावरचं नाही सांगत. कागदावर 150 पीएस विरुद्ध 190, टॉर्क 250 विरुद्ध 320. हायवेला, म्हणजे घाट चढून मलकापूरच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की फरक सरळ कळतो, ऑक्टाविया ऐंशीवरून एकशेवीसला जाते तेव्हा काही झाल्यासारखंच वाटत नाही. पण साखरप्यापासून वर घाटात? तिथे पुढे उसाचा नाहीतर चिऱ्याचा ट्रक, वळणावर धुकं, कठड्यावर माकडं, ओव्हरटेकला मिळतो तो एवढासा तुकडा. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये 1.5 ला काही कमी पडत नाही, उलट गाडी हलकी आणि आखूड असल्यामुळे वळणात मजा जास्त येते. जास्तीचे 40 पीएस तुम्ही महिन्यातून एकदा मलकापूरच्या पुढे वापरणार, बाकी दिवस पावस ते रत्नागिरी, तिसऱ्या गिअरमध्ये.

आणि पावस रोड म्हटला की चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, घासणं आलंच. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिमी, भारतातल्या रस्त्यांसाठी मुद्दाम उंच केलेली गाडी आहे ती. ऑक्टाविया त्यापेक्षा खाली बसते आणि व्हीलबेस लांब, त्यामुळे मावसभावाच्या वाडीत उतरताना जो जांभ्याचा उतार आहे तिथे चार माणसं बसली की दोघांना खाली उतरवायला लागतं, हे मी दर मे महिन्यात बघतो. तुमच्या घराची वाट कशी आहे ते तुम्हालाच माहीत, पण टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या डांबरीवर घेऊ नका, गाडी घरापर्यंत आणून बघा.

तरी ऑक्टाविया वाईट अजिबात नाही. ते इंजिन कोडियाक आणि सुपर्बमध्येही आलंय त्यामुळे गाडी 2023 मध्ये बंद झाली तरी इंजिनाच्या पार्टची बोंब नाही (बंपर, हेडलाइट, काच यांची गोष्ट वेगळी, तिथे वाट बघायची तयारी ठेवा). गिअरबॉक्स वेट क्लचवाला (क्लच तेलात बुडालेला) सात स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, तो ट्रॅफिकमध्ये तापून रडत नाही. ड्राय क्लचवाला जो डीएसजी आधीच्या 1.8 मध्ये होता त्याच्या मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं, दुखणं जगजाहीर आहे, म्हणून कोणी 2017-18 ची 1.8 स्वस्तात देतोय म्हणाला तर बिल काढायची तयारी ठेवूनच जा. आणि हो, नवीन व्हर्टस किंवा तिची स्कोडातली जुळी बहीण स्लाव्हिया 1.5 ला जो डीएसजी येतो तोही ड्राय क्लचचाच. आता पूर्वीइतक्या तक्रारी ऐकू येत नाहीत पण मला विचाराल तर घाटवाल्यानी मॅन्युअल मिळत असेल तर मॅन्युअलच घ्यावी, उतारावर दुसऱ्यात टाकून सोडायचं सुख वेगळंच.

माझं मत सरळ सांगतो, नवीन घ्या. कारण पैशाचं नाही, इथल्या हवेचं आहे. वापरलेली गाडी पुण्यात घेणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की ठोकली आहे का आणि किलोमीटर खरे आहेत का. आपल्याला त्यात दोन गोष्टी वाढतात, खारं वारं आणि पूर.

खाऱ्या वाऱ्याने बॉडीला लगेच काही होत नाही, हल्लीचा पत्रा बरा असतो. खातं ते खालचं. सायलेन्सरचे जोड, सस्पेन्शनचे बोल्ट, ब्रेकचे कॅलिपर, वायरिंगचे अर्थिंग पॉइंट, एसीचा कंडेन्सर. बंदराजवळ चार वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी लिफ्टवर चढवली की बोल्टाचं डोकंच उरलेलं नसतं, पाना लावला की गोल फिरतो आणि मग गॅस कटर आणा. म्हणून एमएच 08 किंवा 07 ची गाडी असेल तर आधी विचारा कुठे राहायची. देवरुख-लांज्याकडची वेगळी, मिऱ्या-मांडवीची वेगळी.

मग म्हणाल घाटावरची घेतो. घ्या, पण डोळे मिटून नको, कारण ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण, महाडही त्याच सुमारास. पुरात बुडालेली गाडी इन्शुरन्सवाले टोटल लॉस करतात, ती लिलावात जाते, कोणीतरी धुवून पुसून पुन्हा बाजारात आणतो. भाच्याबरोबर अशीच एक सेडान बघायला गेलो होतो, नंबर एमएच 12, आतून परफ्यूम मारलेला, सीट कव्हर कोरे. आमच्या गॅरेजवाल्याने काही न बोलता पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा अर्धा भाग काळा कुळकुळीत आणि शेवटची वीतभर पट्टी तपकिरी, बोटाने चोळली तर पीठ सुटल्यासारखा गाळ. मग सीटच्या रुळाचे बोल्ट बघितले, गंजलेले. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात फिरवला तर कोपऱ्यात मातीची पापडी. विकणारा म्हणत होता वॉशिंग सेंटरवाल्याने पाणी मारलं असेल. आम्ही चहा पण न घेता निघालो.

हे तिन्ही तुम्ही स्वतः बघू शकता, मेकॅनिक लागत नाही. कागदाची पण एक युक्ती आहे. जुन्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसची (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) टक्केवारी ओळीने वाचत जा, 20, 25, 35, 45 अशी चढायला पाहिजे. पावसाळ्यानंतरच्या रिन्यूअलला ती एकदम शून्यावर आली असेल तर त्या वर्षी क्लेम झालाय, मग कसला ते विचारा. एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं असेल तर मात्र हे लपतं, म्हणून सर्व्हिस हिस्टरी चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्यायला लावा. मालक तयार नसेल तर नमस्कार करायचा.

पेट्रोलचंही एक आहे. ई20 ला, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, चालतील अशा गाड्या एप्रिल 2023 पासून बनायला लागल्या, ऑक्टाविया त्याच्या आधीची. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते बघा आणि मालकाला विचारा कुठलं पेट्रोल टाकत होता.

पैशाचं थोडक्यात. नवीन गाडीवर आता 40 टक्के जीएसटी (सप्टेंबर 2025 च्या आधी सेस धरून 45 पडायचा), वर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे 12 टक्के रोड टॅक्स, हे सगळं पहिल्या दिवशी गेलं ते गेलं. वापरलेलीत ते आधीच्या मालकाने भरलेलं असतं, हा तिचा खरा फायदा. पण वापरलेल्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं आणि दीड-दोन लाख वेगळे बाजूला ठेवावे लागतात, टायर, ब्रेक, गिअरबॉक्सचं ऑइल असं पहिल्याच वर्षी निघतं. बावीस लाखांची ऑक्टाविया घेऊन खिसा रिकामा करणार असाल तर नकोच. वीस लाखांत मिळाली, मालक ओळखीतला, गाडी कराड-साताऱ्याची आणि सगळी बिलं हातात, तर मात्र मी स्वतः व्हर्टसचं बुकिंग कॅन्सल करून ती उचलेन.

कुठलीही घ्या, इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट टाका. पाण्यात गाडी बंद पडली आणि कोणी पुन्हा स्टार्टर मारला की आत गेलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. गाडी माडाखाली लावू नका, नारळ काचेवर पडल्यावर इन्शुरन्स देईल पण काच यायला महिना जाईल. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये घर करतात, वायर खातात, त्याला अजून तरी कोणाकडे औषध नाही.

वापरलेली ठरलीच तर सकाळी इंजिन थंड असताना बघायला जा आणि बॉनेटला हात लावून बघा, आधीच गरम असेल तर उद्या येतो म्हणायचं. नावबदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बोजा उतरवायचा 35 आणि बँकेची एनओसी, पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर. आणि आरसीवर नाव चढेपर्यंत शेवटचे पन्नास हजार हातचे सोडू नका, मालक कितीही गोड बोलला तरी.