जुना ट्रॅक्टर अर्धा तास चालून बंद पडतो, डिझेल पंप खोलावा का?

दादा, पंप खोलू नका, निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय की तीन सिलेंडरचा जुना ट्रॅक्टर सकाळी लगेच चालू होतो, अर्धा-पाऊण तास नांगर ओढला की रेस पडत पडत बंद, १०-१५ मिनिटं सावलीला बसून आलं की परत काही झालंच नाही असा चालू, दोन्ही डिझेल फिल्टर बदलून झाले आणि आता मिस्त्री म्हणतोय पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) करून घ्या. सेम टू सेम हाच खेळ आमच्याकडं बार्शी भागात एक अख्खा हंगाम चालला होता, फक्त आम्ही जास्तीचे शहाणे, आम्ही पंप खोलून मोकळे झालो होतो.

झालं असं की टाकीचं झाकण कुठंतरी बांधावर पडलं आणि वडिलांनी त्याजागी खताच्या पोत्यातली आतली प्लॅस्टिक पिशवी दुमडून लावली, वरून जुन्या ट्यूबची पट्टी अशी आवळली की पाण्याचा थेंब आत जायची बिशाद नाही. पाणी गेलं नाही पण हवाही जाईना. नांगराला तासाला ४-५ लिटर डिझेल जातं, टाकीतनं तेवढं डिझेल गेलं की तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, नाही आली तर टाकी आतून ओढ धरते आणि डिझेल खाली उतरायचं थांबतं. बंद पडला की दहा मिनिटांत पिशवीच्या सुरकुतीतनं थोडीथोडी हवा शिरायची आणि गडी परत चालू. आणि गंमत म्हणजे टाकी फुल केली त्यादिवशी लवकर बंद पडायचा, डिझेल कमी असलं की जास्त वेळ चालायचा. आम्ही महिनाभर डिझेललाच शिव्या घातल्या. खरं कारण एवढंच, भरलेल्या टाकीत वर मोकळी जागा नसते म्हणून ओढ लवकर बसते. मिस्त्रीला कधी सापडलं नाही कारण तो आला की पहिलं पिशवी सोडून काडी घालून डिझेल बघायचा, मग काय, त्याच्यासमोर ट्रॅक्टर झक्कास! पंपाचे न् नोझलचे मिळून ७ हजार गेले, दोष होता रबराच्या पट्टीत.

तर तुम्ही उद्या शेतात बंद पडला की काहीही न करता पहिलं टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. फुस्स करून हवा आत ओढली तर काम झालं, झाकणाचं बारीक भोक तारेनं मोकळं करा. तिथं चिखल-माती बसते, कधी कुंभारीण माशी सुद्धा घर करते.

आवाज आला नाही तर मग डिझेलच्या वाटेनं चालत या, टाकीपासून पंपाकडं, उलटं नाही. फीड पंपाला (टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाकडं ढकलणारा छोटा पंप) येणारा पाइप काढा आणि टाकीखालचा कॉक उघडून धार बाटलीत घ्या. टाकी वर असलेल्या ट्रॅक्टरला इथं बोटभर धार सलग दोन-तीन मिनिटं पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग करंगळीएवढी होत थेंबावर आली तर टाकीत कचरा आहे, चालू असताना पाइपाच्या तोंडावर येऊन बसतो न् बंद झालं की परत तळाला जातो, म्हणून थांबून चालू होतो. कॅनमधलं डिझेल कापडातनं गाळून ओततो ना आपण, त्या कापडाचे धागेच निघतात बऱ्याचदा. पाइपात तोंडानं फुंकर मारली तर तेवढ्यापुरतं मोकळं होतं, कचरा आतच राहतो, टाकी उतरवून धुवा. रबरी पाइप जुना असेल तर तो पण बघा, बाहेरून चांगला दिसतो आणि आतनं फुगून भोक बुजतं.

धार चांगली असेल तर एअर घेतोय का, म्हणजे डिझेलच्या पाइपात कुठनं हवा शिरते का, बघायचं. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी क्लिप मारून लावा आणि चालू ट्रॅक्टरला बघत बसा, बुडबुडे दिसले की मागच्या, टाकीकडच्या जॉइंटला दोष. एअर ओढणारा जॉइंट दरवेळी गळतोच असं नाही, त्यामुळं ओलं दिसत नाही म्हणून सोडू नका. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की परत तेच लावत बसू नका, १०-२० रुपयाच्या वॉशरपायी दिवस जातो.

पाइप खोलला की आत हवा शिरते, ती एअर काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, फेस जाऊन नुसतं डिझेल आलं की आवळायचं. फीड पंपाची दांडी हलवून जोरच लागत नसेल तर पंप गेला म्हणू नका, कॅम (इंजिनातला पंपाला ढकलणारा उंचवटा) वर अडकलेला असतो, इंजिन थोडं फिरवा न् परत बघा (आमच्या शेजाऱ्यानं एवढ्यावर नवीन फीड पंप आणला होता). नोझलचे नट सैल केले तर चालू इंजिनला तिथं हात-बोट अजिबात नेऊ नका, ती धार कातडीत घुसते, सरळ दवाखाना.

आणखी एक, बंद पडताना धुराकडं बघा. काळा धूर सोडत दम टाकत असेल तर डिझेल भरपूर मिळतंय, एअर फिल्टर बघा. धूर न टाकता गपगुमान मरत असेल तर डिझेलच पोचत नाही.

एवढं सगळं ओके निघालं आणि मोठा डिझेल पंप गोल, रोटरी टाइपचा असेल तर गरम असताना चालू होईना की इंजिन बंद ठेवून फक्त पंपावर ओलं फडकं टाका, ५-१० मिनिटं. पाणी ओतायचं नाही. त्यानं चालू झाला तर मात्र पंप आतून झिजलाय, गरम होऊन पातळ झालेलं डिझेल आतल्या आत सटकतं, मग मिस्त्री बरोबर आणि पंपवाल्याकडं न्या. काढायच्या आधी टायमिंगची (पंप इंजिनवर नेमका कुठं बसलाय त्याची) खूण छिन्नीनं मारून ठेवा, आमच्यावेळी मारली नव्हती, त्याचे परत दोन दिवस गेले.

झाकणाचं काय झालं ते कळवा.